हार्पर्स फेरी एका दिवसात कसं पाहावं? गाडी कुठे लावावी आणि खरोखर जुन्या इमारती कोणत्या?

हार्पर्स फेरी हे वेस्ट व्हर्जिनियातलं दोन नद्यांच्या संगमावरचं ऐतिहासिक गाव. तुम्ही व्हर्जिनियातल्या ॲशबर्नहून निघणार आणि सोबत पुण्याहून आलेले सत्तरीचे आई-बाबा असणार, असं प्रश्नात लिहिलंय. त्या हिशेबानं सांगतो.

जीपीएसमध्ये नुसतं 'हार्पर्स फेरी' टाकू नका. ते सरळ खालच्या गावात, म्हणजे संगमाजवळच्या जुन्या वस्तीत, नेऊन सोडतं. तिथे गाडी लावायला जेमतेम जागा आहे, आणि सुट्टीच्या दिवशी त्या अरुंद गल्ल्यांतून गाडी बाहेर काढणं जिकिरीचं. राष्ट्रीय उद्यानाचं व्हिजिटर सेंटर शोधून टाका. रूट ७ नं लीसबर्ग, तिथून रूट ९, हिल्सबरो गेलं की उजवीकडे रूट ६७१, आणि तो यूएस ३४० ला मिळाला की डावीकडे. शेनंडोआ नदीचा पूल ओलांडल्यावर उजवीकडे शेनंडोआ स्ट्रीट फुटतो, तो सोडून द्या. सरळ चढ चढा, सिग्नलला डावीकडे वळा की वाहनतळ. प्रवेशशुल्क तिथेच भरायचं, त्यात खाली नेणारी बस आली. ऑक्टोबरात पानं रंगली की ३४० वर गाड्यांची रांग लागते, म्हणून सकाळी दहाच्या आत पोहोचा.

खाली उतरल्यावर आधी 'द पॉइंट'वर, म्हणजे संगमाच्या टोकावर, जा. डावीकडून पोटोमॅक, उजवीकडून शेनंडोआ, आणि समोर दोघींनी मिळून ब्लू रिज डोंगररांगेला पाडलेली खिंड. तुम्ही उभे वेस्ट व्हर्जिनियात, पोटोमॅकपलीकडचा कडा मेरीलँडचा, आणि शेनंडोआपलीकडे लाउडन हाइट्स ही टेकडी, तिच्या माथ्यावरून व्हर्जिनियाची हद्द. गाव असं खड्ड्यात आहे म्हणूनच अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) ते राखणं कुणालाच जमेना. सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सननं भोवतालच्या उंचवट्यांवर तोफा चढवल्या आणि १५ तारखेला बारा हजारांवर संघसैनिक (उत्तरेचे, म्हणजे केंद्र सरकारचे) शरण आले.

आता इमारती. इथे जरा सावध राहायला हवं, कारण सगळ्यात प्रसिद्ध इमारत मूळ जागेवर नाहीच. १८५९ च्या ऑक्टोबरात गुलामगिरीविरोधी जॉन ब्राउननं इथल्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला आणि शेवटी बंबखान्यात अडकला, तो हा 'जॉन ब्राउन्स फोर्ट'. १८४८ ची ही विटांची इमारत १८९१ मध्ये उकलून शिकागोच्या प्रदर्शनासाठी नेली, १८९५ मध्ये परत आणून गावाबाहेर मर्फीच्या शेतावर उभारली, १९०९ मध्ये स्टोरर कॉलेजच्या आवारात हलवली आणि १९६८ मध्ये खालच्या गावात आणली. मूळ जागा रेल्वेच्या भरावाखाली गेली, तिथे आता एक दगडी स्तंभ आहे. शस्त्रागाराचं तर फारसं काही उरलेलंच नाही. सहा लाखांवर बंदुका-पिस्तुलं बनवणारा हा कारखाना एप्रिल १८६१ मध्ये माघार घेणाऱ्या संघसैनिकांनीच पेटवून दिला.

खरी जुनी वास्तू म्हणजे हार्पर हाउस. बांधकाम १७७५ ते १७८२, खालच्या गावात टिकलेलं सर्वांत जुनं घर. त्याच्या कडेनं खडकातच कोरलेला जिना वर सेंट पीटर्स चर्चकडे जातो. पायऱ्या झिजून मध्ये खोलगट झाल्यात, उंचीही एकसारखी नाही. पाऊस पडून गेला असेल तर आई-बाबांना तिथे मुळीच नेऊ नका. चर्च १८३३ चं, पण आजचं रूप १८९६ च्या दुरुस्तीतलं. त्याच्याही वर जेफरसन रॉक. थॉमस जेफरसन १७८३ मध्ये इथून हा देखावा बघून गेले. शिळा डगमगू लागली म्हणून तिला पुढे चार दगडी खांबांचा टेकू दिला. तिच्यावर चढायला बंदी आहे.

जिना नको असेल तर शेनंडोआ स्ट्रीटवरच रमा. पॉइंटकडच्या टोकाला भिंतीवर पुराच्या खुणा रंगवल्यात. सर्वांत वरची १९३६ ची, पाणी साडेछत्तीस फुटांवर गेलं होतं. ती पाहिली की खालची दुकानं आणि वस्ती का उठली ते सांगावं लागत नाही.

रेल्वेपुलावरचा पादचारी मार्गही सपाट आहे, आई-बाबांना सहज जमेल. मात्र मेरीलँडच्या टोकाला कालव्याच्या काठी उतरायला लोखंडी जिना आहे, तिथून मागे फिरा. फोटोत दिसतो तो कड्यावरून टिपलेला गावाचा देखावा हवा असेल, तर मेरीलँड हाइट्सची दमछाक करणारी चढण आहे. ती तुम्ही एकटे पुन्हा कधीतरी करा, पायवाट सुरू होते तिथे सँडी हूक रोडवर पार्किंग नावापुरतंच आहे.

शेवटची बस ऋतूप्रमाणे बदलते. उतरतानाच चालकाला वेळ विचारून ठेवा, चुकली तर सेंटरपर्यंत चढ चालत जावं लागेल.