फोर टॉप्स हा सोल या अमेरिकी संगीतप्रकारातल्या गायकांचा चमू चार दशकं न फुटता कसा टिकला?

मुख्य गायक लिव्हाय स्टब्स यांनी स्वतःचं नाव चमूच्या पुढे कधीच लावू दिलं नाही, हे सगळ्यात मोठं कारण. १९६७ मध्ये त्यांच्याच मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीने सुप्रीम्स या गायिकांच्या चमूच्या नावाआधी मुख्य गायिका डायना रॉसचं नाव जोडलं. इथे तसं घडलं नाही. आवाज तर असा की कुणीही एकट्याने निघून गेला असता! १९६६ चं 'रीच आउट आय'ल बी देअर' ऐका: मूळचा खर्जाकडे झुकणारा गळा वरच्या पट्टीत ताणल्यामुळे ती आर्त हाक येते. डेट्रॉइटचे हे चौघे १९५३-५४ पासून १९९७ पर्यंत, त्यांच्यातले लॉरेन्स पेटन वारेपर्यंत, एकत्र होते. मात्र आज त्याच नावाने गाणाऱ्यांत मूळचं कुणीच नाही. शेवटचे ड्यूक फकीर २०२४ मध्ये वारले.