इंग्लंडमध्ये अर्ध्या अलॉटमेंटवर कोणती फळझाडं लावावीत?

तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं यादीत थांबून अखेर अलॉटमेंटचा, म्हणजे घरची भाजी-फळं पिकवायला काउन्सिल भाड्याने देतं त्या जमिनीचा, अर्धा प्लॉट हाती आला, आणि त्यात सफरचंद, पेअर, प्लम, चेरी आणि जमलं तर अंजीरही लावायचंय. कोणत्या जाती घ्याव्यात, हा तुमचा प्रश्न. मी मूळची निफाडची, गेली चौदा वर्षं मिडलंड्समध्ये आहे आणि त्यातली अकरा वर्षं माझ्याकडेही असाच अर्धा प्लॉट आहे. माझं म्हणणं एवढंच, की जात नंतर बघा, आधी खुंट बघा, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर त्या जातीचं कलम बांधतात ते.

इथला पूर्ण प्लॉट म्हणजे दहा पोल, साधारण २५० चौरस मीटर. आपल्या भाषेत अडीच गुंठे. तुमच्या वाट्याला आलाय सव्वा गुंठा. त्यात भाजीही करायचीय, पायवाट हवी, कंपोस्टचा खड्डा हवा. अशा जागेत झाड किती वाढणार हे ठरवतो तो खालचा खुंट, वरची जात नाही. द्राक्षाच्या बागेत डॉगरीजच्या खुंटावर थॉमसनचं कलम बांधतात, तसंच इथेही प्रत्येक सफरचंद कुठल्या ना कुठल्या खुंटावर बांधलेलं असतं. निफाडात वाढूनसुद्धा मला हे इथे सुचलं नाही, याची अजून लाज वाटते.

झालं असं, की पहिल्याच हिवाळ्यात एका मोठ्या दुकानातून स्वस्तात मिळालं म्हणून झाड उचललं. चिठ्ठीवर फक्त जातीचं नाव होतं, खुंटाचा पत्ता नाही. सातव्या वर्षी ते पंधरा फुटांच्या वर गेलं आणि त्याची सावली शेजारच्या आजोबांच्या घेवड्यावर पडायला लागली. ते बिचारे काही बोलले नाहीत, पण अलॉटमेंटच्या समितीचं पत्र आलं. जानेवारीत मी आणि नवऱ्याने करवतीने ते पाडलं. ऐन फळावर आलेलं झाड होतं.

तर खुंट. सफरचंदाला इथे एम २७, एम ९, एम २६, एमएम १०६ आणि एम २५ हे नेहमी दिसतात. एम म्हणजे केंटमधलं ईस्ट मॉलिंग, तिथल्या संशोधन केंद्रातून हे खुंट आले. नंबरांचा उंचीशी काही संबंध नाही, त्यात फसू नका: एम २७ सगळ्यांत बुटका, पाच-सहा फुटांचा, एम ९ सहा ते आठ फूट, एम २६ आठ-दहा, एमएम १०६ बारा-तेरापर्यंत, आणि एम २५ म्हणजे जुन्या वाडीतलं मोठं झाड, ते आपल्यासाठी नाहीच. सुट्या झाडासाठी मी एम ९ किंवा एम २६ घेईन. एम २७ ला जमीन फार चांगली लागते आणि सतत लक्ष द्यावं लागतं, नाहीतर ते नुसतं रुसून बसतं. एम ९ ची मुळं ठिसूळ असतात, त्यामुळे त्याला जन्मभर खांबाचा आधार हवा. पेअर असेल तर क्विन्स सी किंवा क्विन्स ए, प्लमला पिक्सी किंवा सेंट ज्युलियन ए, चेरीला गिसेला ५ असं विचारून घ्या. विक्रेत्याला खुंट सांगता येत नसेल तर तिथून निघा.

करारपत्रही आधी वाचा. १९२२ च्या कायद्यात अलॉटमेंटची व्याख्याच घरच्यासाठी भाजी किंवा फळं पिकवण्याची जागा अशी आहे, म्हणजे फळांना ना नाही. पण झाडं किती आणि केवढी, हे जो तो जमीनमालक करारात ठरवतो. बऱ्याच ठिकाणी बुटक्या खुंटावरचीच चालतात.

सावलीचा हिशेब आपल्याला इथे नवा पडतो. मिडलंड्समध्ये डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम चौदा-पंधरा अंश वर येतो. तेव्हा नाशकात तो सेहेचाळीसपर्यंत असतो. सावल्या उत्तरेकडे लांबच लांब पडतात. म्हणून झाडं प्लॉटच्या उत्तर टोकाला लावा, पण त्यापलीकडे कोणाचा वाफा आहे तेही बघा. मी बघितलं नव्हतं.

आता माझ्याकडे सुटी झाडं नाहीतच. तारांवर कॉर्डन आहेत: एकच खोड, ४५ अंशांत तिरकं लावलेलं, दोन झाडांत अडीच फूट. वीस फुटांच्या ओळीत आठ झाडं बसली, आठही वेगळ्या जातींची. एकमेकांचं परागीभवन होतं, आणि ऑगस्टच्या डिस्कव्हरीपासून उशिरा तयार होणाऱ्या, टिकणाऱ्या जातींपर्यंत फळ मिळत राहतं. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, "ही तर मांडवावरची बाग झाली."

छाटणी ऑगस्टात. मूळ खोडातून निघालेल्या यंदाच्या फुटी वीतभर लांब झाल्या असतील तर बुडाशी जो पानांचा झुपका असतो त्याच्या वर तीन पानं ठेवून कापायच्या, जुन्या आडफांद्यांवरच्या फुटी एका पानावर. हिवाळ्यात कापलं की झाड चवताळून वाढतं, उन्हाळ्यात कापलं की आवरतं. बाबा याला गोडी छाटणी म्हणतात, द्राक्षाच्या बागेत फळ धरण्यासाठी करतात ती. मला ती त्याआधी उन्हाळ्यात करतात त्या खरड छाटणीच्या जवळची वाटते, कारण पुढच्या हंगामाचे फळाचे डोळे इथून तयार होतात. आमचा हा वाद चालूच आहे. प्लम आणि चेरी मात्र हिवाळ्यात चुकूनही छाटू नका. जखमेतून सिल्व्हर लीफ नावाच्या रोगाची बुरशी शिरते आणि फांदी जाते.

लावताना उघड्या मुळांची रोपं घ्या, नोव्हेंबर ते मार्च मिळतात, कुंडीतल्यापेक्षा स्वस्त असतात. खड्ड्यात शेणखत कोंबू नका, वरून आच्छादन म्हणून द्या. आणि कलमाचा जोड जमिनीच्या वर राहू द्या. तो गाडला गेला की वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि बुटक्या खुंटाचे पैसे पाण्यात. पहिल्या वर्षी फळं धरली तर तोडून टाका. जीवावर येतं, पण तोडा.

प्लममध्ये व्हिक्टोरिया एकटीसुद्धा फळते. उलट इतकी फळते की विरळणी केली नाही तर फांद्या मोडतात. पेअरमध्ये कॉन्फरन्सने सुरुवात करा. चेरीच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका, पूर्ण जाळी नसेल तर सगळं पक्षी नेतात. अंजीर होतं, पण पुरंदरच्या अंजिराची चव डोक्यातून काढून टाका. ब्राउन टर्की ही जात मोठ्या कुंडीत, मुळं कोंडून, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला किंवा शेडला टेकवून ठेवा. हिवाळ्याच्या तोंडावर वाटाण्याएवढी फळं राहू द्या, ती पुढच्या उन्हाळ्यात पिकतात. त्याहून मोठी, हिरवीच राहिलेली असतील ती काढून टाका.

ब्रॅम्ली हे आंबट, शिजवायचं सफरचंद लावू नका असं मी सांगेन. झाड दांडगं, त्याचा पराग दुसऱ्यांच्या कामाचा नाही, आणि प्रत्येक अलॉटमेंटवर कोणाचं तरी असतंच. ऑक्टोबरात लोक पिशव्या भरून फाटकापाशी ठेवतात, त्यातली एक उचला. त्याचा मेथांबा कैरीच्या तोडीचा होतो. फक्त फोडी बघता बघता विरघळतात, तेव्हा गूळ आधी पातळ करून घ्या आणि फोडी शेवटी टाका.