मराठवाड्यात मार्च-एप्रिलमधे पक्षी बघायला कुठं जावं, आणि लेन्स कोणती घ्यावी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पुण्याहून लातूरला बदली झाली, हिवाळा घर लावण्यातच गेला, आता सगळे म्हणतायत सीझन संपला आणि इथं तर "बाभळी आणि दगडं सोडून काही दिसत नाही". लेन्समधलं मला काही कळत नाही, चारशे घ्या नायतर सहाशे घ्या. पण ते बाभळी आणि दगडं वाचलं आणि राहवलं नाही.

सीझन संपला हे धरणावर जाणाऱ्या लोकांचं म्हणणं असतं. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, हिवाळ्यात जी गर्दी असते, पट्टकदंब हंस, तऱ्हेतऱ्हेची बदकं, ती मार्च लागला की हिमालयापलीकडं निघायला लागते आणि एप्रिलमधे जायकवाडीच्या काठावर तुम्ही उभं राहिलात तर समोर बहुतेक पाणी, गाळ आणि पाणकावळे. अभयारण्य १९८६ पासून आहे, नाव मोठं आहे, म्हणून लोक बाराही महिने तिकडंच पळतात आणि मग परत येऊन सांगतात मराठवाड्यात काही नाही. अहो, पाहुणे गेले म्हणून घर रिकामं झालं का? इथल्या पाखरांचा संसार तर आत्ता सुरू होतो. आणि तो धरणावर नाही, माळावर आणि काढणी झालेल्या रानात, बहुतेकांचा भुईवर.

मी केज तालुक्यातला. आमचं रान बालाघाटाच्या उताराला, निम्मं हलकं, मुरमाड, आणि वरच्या अंगाला एक तुकडा सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे पिकाच्या कामाचा नाही, म्हणून लागलेला. तिथं कुसळी गवत, तरवड, दोन-चार बोरी, एक पळस. तलाठ्याच्या कागदावर तिथं काहीच नाही. प्रत्यक्षात तितर तिथं, लावा तिथं, टिटवी तिथं, धाविक तिथं, रात्री खोकड फिरतं, आणि होळीच्या आसपास डोंबारी चंडोलाचा खेळ सुरू होतो तोही तिथंच.

हा डोंबारी तुम्ही बघितला नसेल तर आधी तोच बघा. चिमणीएवढा, जरा बुटका, पाठ राखाडी मातकट, गाल पांढुरके आणि खालून सगळा काजळी फासल्यासारखा काळा. मादी साधी, मातकट. भुईवर असला की तुम्ही त्याच्यावर पाय देईपर्यंत दिसत नाही. पण नर एकदा उठला की फडफडत सरळ वर जातो, चांगला उंच, मग पंख मिटून दगड सोडल्यागत खाली येतो, आता आपटला म्हणेपर्यंत त्याच वेगात परत वर उचलतो, परत सूर मारतो, असं पायऱ्या पायऱ्यांनी, आणि प्रत्येक सुराला एक लांब शीळ. शेवटी एखाद्या ढेकळावर बसतो आणि जसं काही झालंच नाही. नाव उगं नाही पडलेलं.

आता जे सांगायचं होतं ते. आमचा मेहुणा पुण्यात असतो, आयटीत, कॅमेरा मोठा, पिशवी त्याहून मोठी. होळीच्या सुट्टीत आला. आधी पैठणला जाऊन आला होता, फ्लेमिंगो मिळाले नाहीत म्हणून तोंड पडलेलं. मी म्हणलं, चल, आपल्या रानात डोंबारी दाखवतो, तर म्हणे दाजी, ते छोटे ब्राऊन बर्ड्स नकोत, त्याला लाईक पडत नाहीत. बरं.

दुसऱ्या दिवशी आई हरभऱ्याच्या रानात सरवा वेचत होती. दुपारी जेवताना ती सहज बोलली की मधल्या सरीकडून जाऊ नका रे, पाखरानं अंडी घातलीत तिथं. तिला नाव-बिव माहीत नाही, तिनं आपली सरीच सोडून दिली होती, बस. मेहुण्यानं ते ऐकलं. आणि मी मोटार चालू करायला विहिरीवर गेलो तेवढ्यात हा पठ्ठ्या तिकडं पोचला.

मी परत आलो तेव्हा काय बघतो, ट्रायपॉड घरट्यापासून हातभर अंतरावर. घरटं म्हणजे काय, मोठ्या ढेकळाच्या आडोशाला वाटीएवढा खळगा, आत थोडं गवत, मोकळ्या बाजूला बारके खडे रचलेले, आणि दोन अंडी, मळकट पांढरी, तपकिरी ठिपक्यांची. ते ढेकूळ यानं उचलून बाजूला ठेवलेलं! कारण फ्रेममधे सावली येत होती. बांधावर एक छोटा ब्लूटूथ स्पीकर, त्यावर डोंबाऱ्याचीच शीळ वाजतीय. नर वर घिरट्या घालतोय, त्याला वाटलं दुसरा नर रानात शिरला. मादी दहा पावलांवर इकडून तिकडं पळतीय, जवळ यायची हिंमत नाही. काळी माती, दुपारचं ऊन, अनवाणी पाय ठेवला तर चटका बसतो, आणि त्यात ती दोन अंडी उघडी.

मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. स्पीकर बंद केला, ट्रायपॉड उचलला, ढेकूळ होतं तसं जागेवर ठेवलं. तो म्हणतोय दाजी, दहा मिनिटांनी काय होतंय, मी काय अंड्याला हात लावलाय का. मी म्हणलं तू तिथं डोकं उघडं ठेवून दहा मिनिटं पड बरं, मग सांगतो काय होतंय. हा संध्याकाळच्या गाडीनं गेला, मुक्काम रद्द. आमच्या मंडळीनं आठवडाभर एका चिमणीपायी माझ्या भावाला घालवलं हेच ऐकवलं.

आम्ही सगळे बाजूला झाल्यावर मी बांधावरच्या लिंबाखाली दुर्बीण घेऊन बसलो. मादी लगेच आली नाही. आधी लांब उतरली, दाणे टिपल्याचं नाटक केलं, मग पळत पळत, थांबत थांबत आली. आणि बसली नाही, उभी राहिली. पाय ताठ, पंख दोन्ही बाजूंनी जरा सैल सोडलेले, अंड्यांवर सावली पडेल असे. चोच उघडी, गळा सारखा थरथरतोय. त्या उन्हात अंडं ऊबवायचं नसतं, त्याला थंड ठेवायचं असतं, आणि त्यासाठी ती स्वतः भाजून घेत होती. बऱ्याच वेळानं नर आला, ती उडाली, तो तसाच उभा राहिला. आळीपाळीनं.

एका अंड्यातून पिल्लू निघालं, दुसरं फुटलंच नाही. मेहुणा म्हणतो ते आधीपासूनच वांझ असेल. असेलही. पण त्यानं तो फोटो "नेस्टिंग बिहेवियर" म्हणून टाकला, फॅमिली ग्रुपवर पण टाकला, सगळ्या मावश्या-काक्यांचे अंगठे. मग मी त्याच ग्रुपवर लिहिलं की वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ वाच, त्यात शिकार म्हणजे काय हे सांगतानाच पक्ष्यांची अंडी आणि घरटी डिस्टर्ब करणं धरलेलं आहे. नुसतं मारणं म्हणजेच शिकार नाही. त्यानं ग्रुप सोडला. अजून परत आलेला नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे आणि तो हे वाचत असेल तर बरंच आहे.

तर तुमचा प्रश्न. कुठं जावं? लांब जाऊच नका. मार्चचा पहिला अर्धा असेल तर फुललेला पळस किंवा काटेसावर शोधा आणि सूर्य उगवायच्या वेळेला पन्नास पावलांवर जाऊन बसा. शिंजीर, मैना, बुलबुल, कोतवाल आणि थव्यानं भोरड्या, गुलाबी अंग, काळं डोकं. याच भोरड्या आमच्या शाळूवर पडतात, माळ्यावर उभं राहून गोफण फिरवून हात दुखून येतात, शिव्या खातात बिचाऱ्या, पण पळसावर बसल्या की त्यांच्याच चोचीला परागकण लागून तो पळस धरतो. एप्रिलमधे त्या मध्य आशियाकडं निघून जातात, तिकडं टोळ खाऊन पिल्लं वाढवतात. पाडव्यानंतर गेलात तर पळसाची फुलं खाली पडलेली दिसतील आणि म्हणाल काही नाही.

ऊन वाढलं की पाण्यावर बसायचं. मोठ्या तळ्यावर नाही, माळावरच्या डबक्यावर, पाझर तलावाच्या शेपटाकडं जिथं थोडंच पाणी उरलंय. सकाळी उन्हं चढली की पखुर्ड्या (इंग्रजीत सँडग्राऊस) येतात, थव्यानं, आवाज करत, दोन-चार घोट पितात आणि उडतात. पिल्लं असली की नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि तेच पाणी कोसांवरून पिल्लांना नेऊन पाजतो. टिटवी पण पोट भिजवून येते, ती अंड्यावर बसायला. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं आमच्याकडं म्हणतात, पेपरात दर मे महिन्यात फोटोसकट येतं. मला काही पटत नाही, ती बसते जिथून तिला चारी बाजूंनी दिसतं तिथं. आमच्या वडिलांना हे सांगितलं तर ते चिडायचे, तो वेगळाच वाद आहे.

ओढ्याच्या दरडीला भोकं दिसली की वेडे राघू. विजेच्या तारेवर नीलकंठ, मार्च-एप्रिलमधे तो वर जाऊन कोलांट्या खात खाली येतो आणि आवाज असा घाणेरडा काढतो की विचारू नका. झाडीतलं पाहिजे असेल तर लातूरहून बार्शीकडं जाताना येडशीचा रामलिंग घाट आहे, अभयारण्यच आहे. रावणाला अडवताना जटायू तिथंच पडला असं लोक सांगतात. रविवारी नका जाऊ, देवाला आलेली गर्दी आणि वानरं, दोघंही पिशव्या ओढतात. मोर बघायचे तर पाटोदा तालुक्यात नायगाव, पण मोराचा पिसारा खरा बघायचा असेल तर मे-जूनपर्यंत थांबा. आणि मोर तर आता गावोगाव झालेत, त्यासाठी पेट्रोल जाळू नका असं माझं मत.

काय घ्यावं? आठ बाय बेचाळीसची दुर्बीण घ्या, एक टोपी, मातकट रंगाचा शर्ट आणि बसायला पोतं. बसायचं आणि हलायचं नाही. पाखरू तुमच्याकडं बघून ओरडायला लागलं, डोक्यावर घिरट्या घालायला लागलं किंवा पंख मोडल्यासारखं लोळायला लागलं की समजा तुम्ही घरट्यावर उभे आहात. आल्या पावली मागं फिरायचं, खाली बघून. फोनवर आवाज लावून पाखरू बोलवायचं नाही, विणीच्या दिवसात तर अजिबात नाही. घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही. लांडग्याच्या गुहेचं तर घरच्यांना पण सांगू नका, आत पिल्लं असू शकतात, आणि धूर घालणारे लोक अजून आहेत.

हां, सगळे फोटोवाले असेच असतात असं नाही. गाडीत बसून, खिडकीच्या काचेवर लेन्स टेकवून तासन् तास वाट बघणारे पण मी बघितलेत, आणि असे फोटो बघूनच मला तितर आणि पखुर्डीतला फरक नीट कळला. कायद्याचं जे लिहिलंय ते पण मी वकील म्हणून नाही लिहिलेलं. आणि ऊन लागतं हो, खरंच लागतं, साडेदहाच्या आत घरी या, पाणी दोन बाटल्या, माळावर मरायला सावली नसते.

अजून एक, हे महत्त्वाचं. रानात शिरायच्या आधी मालक दिसला तर राम राम घाला आणि काय करताय ते सरळ सांगा. आमच्या भागात दुर्बीण घेऊन माळावर फिरणारा माणूस म्हणजे पवनचक्कीचा नायतर सोलरचा सर्व्हेवालाच असं लोक धरून चालतात, आणि एकदा तसा समज झाला की एकरी किती देणार यावरच तासभर जातो, चहा पाजतील पण सोडणार नाहीत.