लायकेन स्क्लेरोसस: स्टिरॉइड मलम लावू की थेट सुंता करून घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोपरखैरणेच्या स्किनच्या डॉक्टरांनी शिश्नाच्या पुढच्या कातडीवरच्या पांढऱ्या चट्ट्यांना लायकेन स्क्लेरोसस सांगून क्लोबेटासॉल ०.०५ टक्के मलम दिलंय. घरचे म्हणतात स्टिरॉइड नको, सुंताच कर.

लघवीची धार पूर्वीसारखी येत असेल तर आधी मलमच, आणि तेही नेमाने. धार बारीक झाली असेल, फाटून दोन बाजूंना जात असेल किंवा जोर लावावा लागत असेल, तर याच आठवड्यात युरोलॉजिस्टकडे जा, कारण हा आजार लघवीच्या भोकापासून आत मूत्रमार्गात सरकू शकतो.

हा संसर्ग नाही. तो बायकोला लागत नाही, तिच्याकडून आलेलाही नाही. प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटते आणि कातडी पांढरी, चिवट, आखडलेली होते. पुरुषांमध्ये कातडीखाली अडकणारे लघवीचे थेंब ही सूज धुमसत ठेवतात. बाळपणीच सुंता झालेल्यांमध्ये हा आजार क्वचितच दिसतो, तो यामुळेच.

मलम दिवसातून एकदा, रात्री, १ ते ३ महिने लावतात. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावते त्याच्या निम्मी पट्टी, म्हणजे साधारण पाव ग्रॅम, पुरते. कातडी जेवढी सहज मागे जाते तेवढीच घ्या, ओढाताण करू नका. आत पोचत नसेल तर इअरबडने लावा. मग कातडी पुन्हा पुढे आणायचीच. ती मागे अडकून टोक सुजलं तर ती इमर्जन्सी आहे, सकाळची वाट पाहू नका. मलम लावलेलं असताना लॅटेक्सचा कंडोम वापरू नका, तेलकट मलमाने तो फाटतो.

स्टिरॉइडची भीती मला समजते. मनमानी वापराने कातडी पातळ होते, हे खरंच आहे. पण एवढ्या मात्रेत, ठरलेल्या मुदतीत आणि डॉक्टरांच्या नजरेखाली तो धोका कमी असतो. अंगावर काढलेल्या आजाराने होणारं नुकसान त्याहून मोठं. चार दिवस लावून खाज थांबली की सोडून देणं, मलम फसण्याचं हेच मोठं कारण. दुसरं कारण म्हणजे मेडिकलवाल्याने दिलेली बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड अशी मिश्र ट्यूब. ती इथे लावू नका.

लघवीनंतर अंडकोषाच्या मागच्या भागावर बोटांनी दाबत पुढे या, उरलेले थेंब निघतात; मग टिश्यूने टिपून घ्या. साबण आणि डेटॉल पूर्ण बंद, धुवायला साधं पाणी. वर व्हॅसलीनचा पातळ थर दिवसातून दोन-तीनदा. आपल्याकडच्या दमट हवेत लोकलचा प्रवास करून आल्यावर ओली चड्डी लगेच बदला.

साखरही तपासून घ्या. मधुमेहात, विशेषतः डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर, तिथे बुरशी होते आणि ती या आजाराशी गल्लत करते किंवा त्याच्या जोडीला येते.

तीन महिन्यांनी कातडी तशीच आखडलेली राहिली तर सुंता, आणि तेव्हा ती खरंच गुणकारी असते. काढलेली कातडी बायोप्सीला पाठवा असं सर्जनला आधीच सांगा. टोकावर चट्टे उरले तर मलम पुढेही लागतं. मूत्रमार्ग आकसला असेल तर युरोफ्लोमेट्री (लघवीच्या धारेचा वेग मोजणारी तपासणी) आणि आरजीयू (मूत्रमार्गात औषध सोडून काढलेला एक्स-रे) करतात. युरोफ्लोमेट्रीला मूत्राशय भरून जा, १५० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर आकडा भरवशाचा नसतो. वरचेवर नळी घालून मार्ग रुंद करत राहण्याच्या मी विरोधात आहे; या आजारात तो पुन्हा आकसतो. दुरुस्तीसाठी गालाच्या आतलं अस्तर वापरतात, शिश्नाची कातडी नाही, कारण तिलाही हाच आजार धरतो.

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा नेरुळच्या डी. वाय. पाटीलमध्ये स्किन ओपीडीत दाखवता येईल. कर्करोगाचा धोका थोडा आहे, पण आहे. म्हणून न भरणारी जखम, कडक गाठ किंवा आपोआप येणारं रक्त दिसलं तर मलम वाढवत बसू नका, बायोप्सी करून घ्या.