नोटिशीवरची तारीख आधी वाचा

प्रश्न : आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या जागेवर विकास योजनेत खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. परवा पेपरात नगरपरिषदेची जाहीर सूचना आली. त्यात त्या जागेचा सर्व्हे नंबर आणि 'कलम ३७ अन्वये फेरबदल' एवढंच कळलं, बाकीची भाषा डोक्यावरून गेली. नगरसेवकांना फोन केला तर म्हणाले, "सभेत विरोध करतो, तुम्ही निश्चिंत राहा." कॉलनीच्या ग्रुपवर दीडशे जणांनी निषेध नोंदवलाय. एवढं पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. ग्रुपवरचा निषेध ग्रुपवरच राहतो. फाइलला लागतो तो कागद, आणि तोही आवक क्रमांक पडलेला.

तुमच्या नगरसेवकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण शासनाच्या निर्देशावरून सुरू झालेलं प्रकरण नसेल, तर सूचना निघण्याआधीच फेरबदलाचा ठराव सभेत झालेला असतो. सूचनेच्या पहिल्या-दुसऱ्या ओळीत 'सर्वसाधारण सभा ठराव क्र.' आणि तारीख सापडते का बघा. सापडली, तर त्या दिवशी विरोध केला होता का, हे त्यांना प्रेमाने विचारा.

कलम ३७ म्हणजे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातलं. मंजूर विकास योजनेत किरकोळ फेरबदल करायचा, तर सूचना राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी मुदत असते एक महिन्याची. हरकत कोणीही घेऊ शकतं, त्यासाठी जागेचा मालक असावं लागत नाही. हरकतींनंतर प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. म्हणजे तुमचा कागद गावातच अडकून पडत नाही, फाइलबरोबर वर जातो. म्हणून तो नीट लिहा. महिना कुठल्या तारखेपासून धरलाय ते सूचनेत दिलेलं असतं. पेपरची तारीख आणि राजपत्राची तारीख वेगळी असेल, तर जी आधीची ती धरून चाला.

एकाच अर्जावर दीडशे सह्या घेऊ नका. मी सभा विभागात लिपिक होतो. आमच्याकडे असा अर्ज आला की त्याला एक आवक क्रमांक पडायचा, आणि पुढे गोषवाऱ्यात 'प्राप्त हरकती : १'. सह्या मोजायला कोणाला वेळ होता! घरटी एक अर्ज द्या, प्रत्येकाचं कारण वेगळं असू द्या. 'अन्याय होत आहे' असं लिहिण्यापेक्षा जवळचं दुसरं मैदान किती अंतरावर आहे, मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, हे लिहा. सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक सूचनेतल्यासारखाच उतरवा, आणि शेवटी 'मला सुनावणीस बोलवावे' ही ओळ विसरू नका.

आता पोच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या आणि तिथेच, खिडकीपाशी उभं राहून, त्यातली तारीख वाचा. हे उगाच सांगत नाही. आमच्या आवक टेबलावरच्या शिक्क्याला तारखेची रबरी चाकं होती, रोज सकाळी बोटाने फिरवायची. टेबलावरचा गडी घाईचा, संध्याकाळी निघायच्या आतच दुसऱ्या दिवसाची तारीख लावून ठेवायचा. एकदा मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद व्हायला दहा मिनिटं असताना, एक शिक्षक हरकत घेऊन आले. शिक्का पडला तो उद्याचा. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. सुनावणीच्या वेळी त्यांचं नाव मुदतबाह्य यादीत निघालं. मी तेव्हा शेजारच्याच टेबलावर बसलेला होतो, आणि काही बोललो नाही.

प्रश्न : सभेत नेमकं काय ठरलं ते आम्हाला बघायला मिळतं का? की आधी माहिती अधिकारात कागद मिळवून मगच हरकत घ्यावी?

उत्तर : ठरावाची प्रत, सभेचं इतिवृत्त, सगळं मागता येतं. माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार फाइल कार्यालयात बसून पाहताही येते. ठराव विषयपत्रिकेवर होता की 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटी घुसवला, सूचक-अनुमोदक कोण, तुमच्या नगरसेवकांचा विरोध नोंदला गेलाय का, हे इतिवृत्तातच कळेल. पण उत्तर द्यायला कार्यालयाला ३० दिवस मिळतात, आणि तुमची हरकतीची मुदत आहे एक महिना. कागदांची वाट बघत बसलात तर दोन्ही एकदमच संपतील. हरकत याच आठवड्यात द्या. माहितीचा अर्ज त्याच फेरीत, त्याच खिडकीवर टाका. त्याचीही पोच घ्या, तारीख वाचून.