फेलोशिप माझी, बाळ दोघांचं, मग सोडायचं मीच का?

पत्र

ताई, माझं वय २९. बडोद्यात केमिस्ट्रीत पीएचडी करते. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप आहे, जानेवारीत दोन वर्षं पुरी होतील. नवराही पीएचडीच करतोय. त्याला गुजरात सरकारची 'शोध' शिष्यवृत्ती आहे, तीही दिवाळीच्या सुमारास संपेल. मला तिसरा महिना चालू आहे. गेल्या रविवारी दांडिया बाजारात सासरी जाऊन सांगितलं. सासूबाईंनी हातावर साखर ठेवली आणि लगेच म्हणाल्या, "आता तुझं ते राहू दे, त्याचं होऊ दे पुरं. इकडेच राहायला या, भाडं तरी वाचेल." आमच्या लॅबमधली एक सीनियर म्हणते, रजा घेतली की फेलोशिप बंद. पैसे तसेही कधी कधी तीन-तीन महिने येत नाहीत. सर कडक आहेत. सातव्या महिन्यापर्यंत त्यांना काही सांगूच नये असं वाटतं. कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची काचेची नळी) चालवताना द्रावकांच्या वासाने मळमळतं, पण मास्क लावून उभी राहते. हातात पक्की नोकरी नसताना हे केलं, ही आमची चूक झाली का?
– निजामपुऱ्यातली एक

उत्तर

आधी अभिनंदन. साखर सोडली तर हे तुला अजून कुणी म्हटलेलं दिसत नाही.

तुझा शेवटचा प्रश्न पहिल्यांदा निकालात काढते. चूक झालेली नाही. एकोणतिसाव्या वर्षी मूल होणं ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट आहे. पीएचडीचं आणि मुलाचं वय एकच असतं, त्याला तू काय करणार? पक्क्या नोकरीची वाट बघत बसलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. नोकरी आली तेव्हा डॉक्टरांच्या फाइली जाड झालेल्या होत्या.

आता पैसे. तुझ्या सीनियरने जे सांगितलं ते चूक आहे. यूजीसीच्या फेलोला भारत सरकारच्या नियमाप्रमाणे मातृत्वाची रजा मिळते, तीही फेलोशिपच्या पूर्ण दराने, फेलोशिपच्या काळात एकदा. केंद्राचा नियम १८० दिवसांचा आहे. म्हणजे तुझे महिन्याचे ३७,००० त्या सहा महिन्यांतही चालू राहायला हवेत. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत स्त्री संशोधकांना अख्ख्या पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा आहे. हे दोन आकडे वेगळे ठेव. १८० हा पैशांसकटचा आहे, २४० हा पीएचडीच्या नोंदणीतल्या रजेचा. वरच्या साठ दिवसांचे पैसे मिळतीलच असं धरून घरखर्च आखू नकोस. आणि वर्षाला जी ३० दिवसांची साधी रजा असते ती या रजेत मोडू देऊ नकोस, कुणी कितीही सहज "ती आधी संपवा ना" म्हटलं तरी.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते कारण एकतीस वर्षं मी एका विद्यापीठाच्या अकाउंट्समध्ये बसले. फेलोशिपची बिलं माझ्या टेबलावरून जायची. एकदा एका मुलीचं चार महिन्यांचं बिल आलं, सोबत हजेरी नव्हती. मी लाल पेनाने शेरा मारला, "हजेरीपत्रक जोडलेले नाही, सबब परत." महिन्याभराने ती स्वतः आली. कडेवर बाळ, बाळाच्या कपाळावर काजळाचा एवढा मोठा ठिपका, दुसऱ्या हातात तीच फाइल. तिने रजेचा अर्जच दिला नव्हता. लाजून गाइडला नुसतं "तब्येत बरी नाही" म्हणाली होती. मागच्या तारखेचा अर्ज घ्यायला कुणी तयार होईना. चार महिन्यांचे पैसे गेले. नियम तिच्या बाजूने होता आणि कागद तिच्या विरुद्ध. शेरा माझ्याच हातचा होता, नियमाला धरूनच होता, आणि तरी मी खुर्चीवरून उठून दोन टेबलं पलीकडे विचारायला गेले असते तर काही मार्ग निघाला असता, असं मला अजून वाटतं.

म्हणून तुला सांगते, अर्ज लेखी दे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट, अंदाजे तारीख, रजा अमुकपासून तमुकपर्यंत, "पूर्ण दराने फेलोशिपसह" हे शब्द, गाइडची सही, हेडची सही, आणि स्वतःच्या प्रतीवर इनवर्ड नंबर. नंबर टाकल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. रजेवरून परत आलीस की त्याच दिवशी जॉइनिंग रिपोर्ट दे.

दुसरं कलम फेलोशिपच्या पोर्टलचं. तुझे पैसे बँकेतून आपोआप सुटत नाहीत. दर महिन्याला विद्यापीठातून कुणीतरी, एक मेकर (नोंद भरणारा) आणि एक चेकर (ती तपासणारा), "ही मुलगी चालू आहे" असं कन्फर्म करतो तेव्हा ते निघतात. बाळंतीण घरी असताना तिची आठवण कुणालाच नसते. जाण्याआधी त्या टेबलावरच्या भाईंना किंवा बेनना प्रत्यक्ष भेट, रजेच्या मंजुरीची प्रत त्यांच्या हातात दे आणि त्यांचा नंबर नवऱ्याकडे ठेव. दर महिन्याला आठवण करून द्यायचं काम त्याचं.

तिसरं कलम तुझ्या तारखांत दडलंय. जानेवारीत दोन वर्षं पुरी होतात आणि बाळ साधारण त्याच्या पुढेमागे येणार. दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ, म्हणजे सीनियर रिसर्च फेलोशिप होते, ३७ चे ४२,००० होतात, पण त्यासाठी कामाचं मूल्यमापन व्हावं लागतं. ते प्रेझेंटेशन डिसेंबरातच लावून घ्यायला सरांना आतापासून सांग. नाहीतर समिती तुझी वाट बघेल, तू बाळाची, आणि महिन्याला ५,००० हवेत जातील.

एक गोष्ट मात्र गोड करून सांगता येत नाही. पीएचडीला सहा वर्षं, मग फेरनोंदणीची दोन, मग बायकांना आणखी दोन, अशी मुदत दहा वर्षांपर्यंत ताणता येते. फेलोशिप मात्र जेआरएफ-एसआरएफ धरून पाच वर्षांचीच. वेळ द्यायला सरकारचा हात सैल आहे, पैसे द्यायला नाही. रजेचे महिने या पाच वर्षांत धरणार की नाही, हे आजच पत्र देऊन विचार आणि उत्तर कागदावरच घे.

नोकरीआधी मूल ही चूक झाली का, असं तू विचारतेस. तू ज्या गावात राहतेस तिथलीच एक गोष्ट सांगते. १९१३ साली बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. ते निघाले तेव्हा यशवंत वर्षाचाही झाला नव्हता. म्हणजे या संस्थानाच्या सगळ्यात नावाजलेल्या शिष्यवृत्तीवर गेलेला विद्यार्थी तान्ह्या मुलाचा बाप होता. सयाजीरावांचा मोठेपणा मला मुळीच कमी करायचा नाही. पण ते साडेअकरा पौंड एका विद्यार्थ्याचे हिशेब धरून दिलेले होते. इकडे मुंबईत रमाबाईंनी ओढगस्तीत घर कसं चालवलं, ते त्या हिशेबात कुठल्याच रकान्यात नव्हतं. संशोधकांना मुलं नेहमीच होत आली, गं. घरी कुणीतरी बिनपगारी होतं म्हणून ती दिसली नाहीत. आता ते "कुणीतरी" स्वतःच लॅबमध्ये उभं आहे, एवढाच फरक.

सासूबाईंकडे येते. त्यांच्यावर रागावू नकोस. राहायला या म्हणाल्या, हे त्यांच्या परीने मोठं देणं आहे. पण त्यांचं गणित एकदा त्यांच्यासमोर वहीवर मांड. सून सोडणार तिचे ३७,००० आणि वर फेलोशिपबरोबर मिळणारं घरभाडं. मुलगा पुरं करणार त्याचे १५,००० आणि तेही दिवाळीला बंद. घरातला मोठा पगार बंद करून छोटा चालू ठेवायचा, तोही चार महिने? दांडिया बाजारातला कुठलाही दुकानदार हा सौदा करणार नाही. हे तुझ्या नवऱ्याने बोलायचं, तू नव्हे. तू बोललीस तर ते उत्तर होईल, तो बोलला तर हिशेब होईल. तुझ्या पत्रात तो काय म्हणाला याची एकही ओळ नाही, ते मला जरा खटकलंय.

आणि राहायला जायचं का? भाडं वाचतं हे खरं. माझं मत असं, की सहा महिने जा, पण निजामपुऱ्याची खोली सोडू नकोस. परतायला जागा असली की सासरी सगळेच जरा जपून बोलतात. तुझा घरभाड्याचा पैसा त्यासाठीच आहे.

उरला खरा खर्च, ज्याचं नाव कुठल्याच फॉर्मवर नसतं. बाळाला आंघोळ घालणारी बाई, धुणं-भांडी, पुढे पाळणाघर. तुझ्या कंटिन्जन्सीचे, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे, वर्षाचे १२,००० काचसामानाला, केमिकलला, झेरॉक्सला चालतात. बाईच्या पगाराची पावती लावलीस तर माझ्यासारखी एखादी लाल पेन काढेल. जर्मनीत ख्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड नावाच्या जीवशास्त्रज्ञ आहेत, फळमाशीच्या भ्रूणावरच्या कामासाठी १९९५ चं नोबेल मिळालेल्या. त्यांनी २००४ मध्ये एक संस्था काढली. मुलं असलेल्या तरुण संशोधक बायकांना ती दरमहा पैसे देते, आणि ते पैसे प्रयोगावर नाही, मूल सांभाळायला आणि घरकामाला माणूस ठेवण्यावर खर्च करायचे. नोबेल मिळालेल्या बाईला कळलं की संशोधन कुठे अडतं. मोरीत अडतं.

आपल्याकडे ते देणारं कुणी नाही, तर तुमचं तुम्ही करा. आजपासून दरमहा जमेल ती रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला "बाईचे पैसे" असंच नाव द्या. फेलोशिप अडकते हे तुला माहीतच आहे, तेव्हा तीन महिन्यांचा घरखर्च बाळ यायच्या आत बाजूला पडला पाहिजे. डोहाळजेवणाला हॉल घेऊ नका. बारशाला कुणी चांदीचे वाळे-खुळखुळे आणणार असेल तर आत्येला, मावशीला मोकळेपणाने सांग, त्याऐवजी एका महिन्याची बाई द्या. पहिल्यांदा नाक मुरडतील. मग देतील, कारण चांदीचे भाव त्यांनाही माहीत आहेत.

सरकारी एक छोटी रक्कमही आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर अर्ज करता येतो. फेलो ही सरकारी नोकर नसते, एरवी हे आपल्याला महागात पडतं, इथे उपयोगी पडू दे. अंगणवाडीत किंवा आशा कार्यकर्तीकडे नोंद कर, पहिल्या हप्त्याला एक तपासणी झालेली लागते, दुसऱ्याला जन्मनोंद आणि बाळाच्या पहिल्या लशी.

"आता सोडते, नंतर परत येईन" हे मनात असेल तर काढून टाक. खंड पडलेल्या स्त्री संशोधकांसाठी केंद्राच्या विज्ञान खात्याची वाइज-किरण आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर आहे, योजना चांगल्या आहेत. पण तिथे पुन्हा प्रस्ताव, पुन्हा मुलाखत. हातातली फेलोशिप सोडून त्यांच्या भरवशावर बाहेर पडू नये.

शेवटी सर. सातव्या महिन्यापर्यंत थांबायचं नाही, याच आठवड्यात सांग. ते कडक आहेत म्हणूनच लवकर सांग, कडक माणसाला उशिरा कळलेलं सगळ्यात जास्त लागतं. जाताना कागद घेऊन जा: डिसेंबरपर्यंत कुठल्या रिअॅक्शन उरकते, कुठलं काम ज्युनियरला शिकवते, एसआरएफचं प्रेझेंटेशन कधी, रजा कधीपासून. "सर, मला जरा सांगायचं होतं" असं पुटपुटत सुरू केलंस तर ते घड्याळ बघतील. तारखांपासून सुरू कर.

पण सांगायची खरी घाई वेगळ्याच कारणासाठी आहे. कॉलमला लागणाऱ्या हेक्झेन आणि डीसीएम (डायक्लोरोमिथेन) या द्रावकांच्या वाफेत तिसऱ्या महिन्यातली मुलगी साधा मास्क लावून उभी आहे, आणि तिच्या शेजारच्या कुणालाही ते माहीत नाही. तो मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. तुझ्या डॉक्टरांना वापरातल्या केमिकलची यादी दाखव, आणि तोवर कॉलम ज्युनियरला चालवू दे, फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात. तू विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत बसून थिसिसचा पहिला चॅप्टर काढ.

अर्जाचा कच्चा मसुदा मला पाठव. लाल पेन अजून आहे माझ्याकडे, या वेळी सही व्हायच्या आधी चालवते.