एफ-1 व्हिसावर मोर्चात जावं का?

तू विचारलंस, की नागपुरात विद्यार्थी संघटनेचं काम केलंय, संविधान चौकात भाषणं ठोकलीत, फेसबुकवर लिहितोस. आता एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत एमएसला निघालास, तर तिथे बोलता येतं का आणि जुन्या पोस्ट उडवून टाकाव्यात का. मीही नागपूर विद्यापीठातूनच इकडे आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी विद्यापीठ सरकारी की खासगी ते बघ. इथल्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती भाषणस्वातंत्र्याची, आणि ती फक्त सरकारचे हात बांधते. बर्कली सरकारी, तिला ती लागू. कोलंबिया खासगी, तिथे मुख्यतः विद्यापीठाची नियमावली चालते. फीचा तक्ता वाचतोस तितक्याच बारकाईने ती वाच.

सरकारी कॅम्पसवरची मोकळीक खरी आहे. बर्कलीच्या पोरांनी 1964 मध्ये ती भांडून मिळवली. 1972 मध्ये सुप्रीम कोर्टाने हीली खटल्यात सांगितलं, की विचार पटत नाहीत एवढ्यावरून कॉलेजला विद्यार्थी संघटनेची मान्यता नाकारता येत नाही. आमच्याकडे सभेला खोली हवी तर एक फॉर्म भरायचा. किती वाजता, किती जण, माइक हवा का, एवढंच विचारतात. विषयावरून कुणी अडवत नाही. वेळ आणि जागेचे नियम मात्र कडक: फुटपाथवर खडूने लिहिलं तर चालतं, भिंतीवर लिहिलं की शिस्तभंग.

आणि शिस्तभंग तुला अमेरिकन पोरापेक्षा कितीतरी महाग पडतो. त्याला निलंबित केलं तर तो घरी जाऊन बसेल. तुला केलं तर पूर्णवेळ प्रवेश तुटतो, विद्यापीठाला ते सेविसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीत, कळवावं लागतं आणि तुझा इथे राहण्याचा आधारच जातो. आपल्याकडे हिवाळी अधिवेशनात मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवतात, पोलीस गाडीत घालून नेतात, संध्याकाळी सोडतात, दुसऱ्या दिवशी पोरगं वर्गात हजर. तो हिशेब इथे धरू नकोस. गुन्हा शाबीत होण्याआधी नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो.

मार्च 2025 मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की पीएचडी विद्यार्थिनीला साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी भर रस्त्यातून उचललं. तिने विद्यार्थी वृत्तपत्रात गाझाच्या प्रश्नावर इतरांसोबत एक लेख लिहिला होता. कोर्टाने सोडेपर्यंत सहा आठवडे ती कोठडीत होती. त्याच सप्टेंबरात बोस्टनच्या संघीय न्यायाधीशांनी निकाल दिला, की कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसालाही नागरिकाइतकंच भाषणस्वातंत्र्य आहे. म्हणजे हक्क आहे, पण तो कोर्टात सिद्ध होईपर्यंत आत बसावं लागू शकतं. मला याचा फार संताप येतो, आणि तुझ्यापासून ते लपवणं मला बरोबर वाटत नाही.

तरी गप्प बस असं मी सांगणार नाही. सभेत बोल, स्वतःच्या नावाने लिही, टेबल लावून पत्रकं वाट. पोलिसांनी पांगायचा आदेश दिला की मात्र तिथून निघ, इमारतीत ठिय्या देणाऱ्यांत बसू नकोस. तिथे तुझ्यासोबतची नागरिक पोरं जी जोखीम घेतात, ती तुझ्या जोखमीएवढी नसते.

पोस्ट घाबरून उडवू नकोस. व्हिसाच्या अर्जात, म्हणजे डीएस-160 फॉर्ममध्ये, गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची माहिती मागतात, आणि जून 2025 पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. एखादं खातं लपवणं हे त्यातल्या कुठल्याही तिखट पोस्टपेक्षा जास्त नडेल. त्याच फॉर्मवर कधी अटक झाली होती का हाही प्रश्न आहे. मोर्चात तुला नुसतं ताब्यात घेतलं होतं की कागदावर अटक दाखवली, एफआयआर आहे का, ते ठाण्यातून आत्ताच काढून घे आणि वकिलाला दाखव. अंदाजाने 'नाही' लिहू नकोस.

विमानतळावर फोन तपासू शकतात, हेही धरून चल. इथे आल्यावर विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी कायदा सल्ला केंद्र आहे का ते पहिल्या आठवड्यात शोध. बऱ्याच ठिकाणी ते फुकट असतं. कुठलं विद्यापीठ नक्की झालं ते कळव, त्यांची आंदोलनाची नियमावली आपण दोघं बसून वाचू.